रोहू, झिंगे आणि बॅटरीची सायकल

"मोटर चालते जी. पण घाटात मायच्या ठाण्याजवळ पोचलो का सायकल मले ओयखतच नाई."

दशरथभाऊ मारबते माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून सांगत होते. उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरलेला. सायकल दारात उभी होती. कॅरिअरला मासोळीचा डबा बांधलेला, आणि त्या डब्याचा वास माझ्या अख्ख्या दुकानात पसरलेला. मी चाक उचलून पेडल फिरवलं. मोटर गपगुमान चालू झाली.

"हे पाहा, चालते."

"इथी चालतेच नं. इथी कुठी घाट आहे?"

बोलणं बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला.

मी मूळचा मोटर वाइंडिंगवाला. विहिरीवरच्या पंपाची मोटर जळाली की तिच्यात नवी तार भरायची, हा माझा धंदा. अलीकडे मी साध्या सायकलला बॅटरीचं किट बसवून देतो. किट म्हणजे तीन वस्तू. मागच्या चाकाच्या मधोमध बसणारी मोटर, तिला हब मोटर म्हणतात. दुसरी बॅटरी. तिसरा कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती करंट सोडायचा हे ठरवणारी डबी. शिवाय पेडलजवळ एक छोटा सेन्सर असतो. पेडल फिरलं की तो कंट्रोलरला खबर देतो, आणि मोटर जोर लावते.

माझी बरीच गिऱ्हाइकं म्हातारी. उतारवयात गुडघ्यातली गादी झिजते. सपाटीवर माणूस कसाबसा सायकल रेटतो, पण चढ आला की सगळा भार त्या झिजलेल्या गुडघ्यावर येतो. सायकल सोडून घरी बसावं, तर गुडघा आणखी आखडतो. किट बसवलं की पाय नुसते फिरतात आणि ओझं मोटर ओढते. डॉक्टरही हेच म्हणतात, पाय फिरता ठेवा, जोर लावू नका. आमच्याकडचा घाट म्हणजे जिवतीच्या पहाडावर चढणारा. ज्यांनी तो घाट सोडून दिला होता, अशी म्हातारी माणसं मी तो पुन्हा चढताना पाहिली आहेत. तेव्हा किटला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही.

दशरथभाऊंच्या सायकलला मी आधी एक्सलेटरही दिला होता. स्कूटरसारखी मूठ पिळली की पेडल न मारता सायकल पळते. पण त्यांचे हात कायम ओले, बर्फाचे आणि मासोळीचे. पाणी मुठीत शिरलं आणि एक दिवस मूठ अडकून बसली. सायकल म्हाताऱ्याला घेऊन थेट रस्त्याकडेच्या कुंपणात घुसली. नशिबाने खरचटण्यावर निभावलं. मी एक्सलेटर काढून टाकला. ओल्या हाताच्या माणसाला ती वस्तू द्यायचीच नाही, हे माझं आजही मत आहे.

तेव्हापासून सायकल फक्त पेडलवर चालत होती. आणि तेव्हापासून ही तक्रार.

"भाऊ, या वयात घाट चढाचा नादच काऊन?" मी विचारलं. "खाली काय मासोळी खपत नाई?"

"खपते नं. धरणाखालीच हातोहात जाते."

"मंग?"

त्यांनी डब्याचं झाकण घट्ट केलं. मग सांगितलं.

त्यांची एकुलती एक मुलगी शेवंता घाटावरच्या एका गावात दिली होती. लग्नात जेवणाच्या घाईत जावयाच्या काकाला मानाचा दुपट्टा द्यायचा राहिला. काका ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी दशरथभाऊ दुपट्टा घेऊन पाया पडायला गेले, पण गेलेली इज्जत दुपट्ट्याने परत येत नाही असं उत्तर मिळालं. त्या दिवसापासून बापाला त्या घराची पायरी बंद, आणि मुलीला माहेर बंद. एका कापडाच्या तुकड्यावरून हे असं. मला ऐकूनच चीड आली.

"पण मासोळीवाल्याले कोण हाकलते?" दशरथभाऊ म्हणाले. "धंदेवाला दारात आला त त्याले नाई म्हनता येत नाई. बाजाराच्या दिवशी मी जातो. आवाज देतो, मासोळी घ्या बाई. शेवंता ताट घेऊन येते. सासू दारात उभी राह्यते. ती मले भाव इचारते, मी तिले बाई म्हनतो. तेवढ्यात पाहून घेतो."

"स्वतःच्या पोरीले बाई म्हनता?"

"मंग काय म्हनू? आन काही बोलाची गरज नाई. ती कोनती मासोळी घेते, त्यावरून समजते मले."

मला वाटलं, मुलीच्या आवडीनिवडीबद्दल बोलत असतील. मी मान हलवली.

एसटीत मासोळीचा ओला डबा कंडक्टर चढू देत नाही. आणि डब्याशिवाय गेलं तर तो मासोळीवाला नाही, नुसता बाप. बापाला दारात जागा नव्हती. म्हणून सायकल, म्हणून घाट, आणि म्हणून मी बसवलेली मोटर. इतकं सगळं त्या एका झिजलेल्या गुडघ्यावर उभं होतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी माझ्या मोटरसायकलवर त्यांच्या मागोमाग घाटात गेलो. सायकल झकास चढत होती. म्हातारा आरामात पेडल फिरवत होता, मध्ये एकदा मागे वळून माझ्याकडे पाहून हसलासुद्धा. मला वाटलं, तक्रार बहुतेक डोक्यातच असावी.

मग तीव्र वळण आलं. तिथे रस्त्याला लागून घाटमायचं ठाणं आहे. शेंदूर लावलेला दगड आणि समोर लोकांनी ठेवलेल्या खड्यांचा ढीग. दशरथभाऊ सायकलवरून उतरले, एक खडा ढिगावर ठेवला, हात जोडले. मायसमोरून कोणी बसून जात नाही. ओझंवाला असो, सायकलवाला असो, उतरायचं आणि चालत पुढे जायचं. आम्हीही मोटरसायकल तिथे बंद करून उतरतो.

आता घोटाळा माझ्या लक्षात आला. ठाणं नेमकं घाटाच्या सगळ्यात खड्या चढावर आहे. उतरल्यावर दोनच मार्ग उरतात. एक, सायकल ढकलत वर न्यायची. पण मोटर आणि बॅटरी धरून ती आता पहिल्यापेक्षा जड झालेली, वर भरलेला डबा. दुसरा, तिथूनच पुन्हा बसायचं. पण पेडलचा पहिला फेरा माणसालाच मारावा लागतो. फेरा झाल्याशिवाय सेन्सरला कळत नाही, मोटर उठत नाही. तेवढ्यात सायकल मागे सरकते. ब्रेक दाबावा, तर ब्रेक दाबल्याबरोबर मोटर बंद होते, ती सोय अपघात टाळण्यासाठीच केलेली असते. म्हणजे सगळा घाट मोटरने चढायचा, आणि सगळ्यात अवघड तेवढाच तुकडा दुखऱ्या गुडघ्याने.

मी हात लावून त्यांना वर नेऊन सोडलं. धापा टाकत ते म्हणाले, "पाह्यलं नं?"

"मायले बसल्या बसल्या हात जोडले त नाई चालनार का? म्हातारपन आहे, ती समजून घेईन," मी म्हणालो.

दशरथभाऊंचा चेहरा उतरला. "माही पोरगी तिच्या पदराखाली राह्यते भाऊ. मी तिच्यासमोरून बसून जाऊ?"

देवाशी वाद घालायला माझ्याकडे कंट्रोलर नव्हता.

पण यावर उपाय होता. काही कंट्रोलरमध्ये वॉक मोड असतो. हँडलवर एक बटन येतं. ते दाबून धरलं की मोटर माणसाच्या चालीनं सायकल पुढे नेते आणि आपण नुसतं शेजारी चालायचं. बोट सुटलं की मोटर बंद. बटन रबराखाली असतं, ओल्या हातांनी काही होत नाही. मायचा मानही राहिला असता आणि गुडघाही. मी लगेच नागपूरला फोन लावला. दुकानदार म्हणाला, माल संपला, मागवून पाठवतो.

"पार्ट येईपर्यंत घाटात जायचं नाई," संध्याकाळी दशरथभाऊ परतताना दुकानावर आले तेव्हा मी बजावलं. "एखाद-दुसरा बाजार चुकला त काही बिघडत नाई."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परक्या भाषेत बोललो. "बरं," म्हणाले आणि गेले.

एक बाजार ते थांबले. पार्सल आलं नाही. पुढच्या बाजाराला ते गेले.

मायच्या वळणावर खडा ठेवला, हात जोडले, सायकलवर बसायला गेले. सायकल मागे सरकली. डब्याच्या वजनाने पुढचं चाक उचललं आणि सगळं सामान घेऊन म्हातारा रस्त्यावर पडला. मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. मागून येणाऱ्या जीपवाल्याने दवाखान्यात पोचवलं. तिथून चंद्रपूरला नेलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वॉकर घेऊन घरात चालता येईल. सायकलचं नाव काढू नका.

ते दवाखान्यात असतानाच पार्सल आलं.

मी तो कंट्रोलर का बसवला, मलाच माहीत नाही. बसवला. दुकानात हात रिकामे ठेववेनात. मग दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा दशरथभाऊ म्हणाले, "दिलीपभाऊ, एक डाव माहा डबा घेऊन जाता का? सायकल तीच न्या. शेवंताले समजन का मानूस मीच धाडला."

मी हो म्हणालो. त्यांच्या बायकोने, पार्बताबाईंनी, डबा भरून दिला. एका बाजूला रोहू, दुसऱ्या बाजूला झिंगे, म्हणजे छोटी कोळंबी. बाजाराच्या दिवशी मी, मोटर वाइंडिंगवाला, मासोळी घेऊन निघालो.

मायजवळ उतरलो. खडा ठेवला. बटन दाबलं. सायकल माझ्या शेजारी शहाण्या बैलासारखी चालत चढ चढली. जोर लावायची गरज पडली नाही. इतकं चांगलं काम मी क्वचितच केलं असेल, आणि इतकं वाईटही मला कधी वाटलं नव्हतं.

घर सापडलं. मी आवाज दिला. शेवंता ताट घेऊन बाहेर आली. आधी तिने सायकल पाहिली, मग मला पाहिलं. मागे दारात सासू येऊन उभी राहिली.

"नेहमीचा मासोळीवाला काऊन नाई आला?" शेवंताने विचारलं. आवाज अगदी गिऱ्हाइकाचा.

"घाटात पडला जी. पाय मोडला."

"मंग आता कधी येईन?"

"आता नाई येनार बाई. सायकल बंद केली डॉक्टरनं."

तिने ताट सायकलच्या सीटवर टेकवलं आणि खाली वाकली. एकेक मासोळी उचलायची, कल्ले उघडून पाहायची, परत ठेवायची. मला घाई नव्हती. सासूला होती.

"घ्याची असन त घे नाई त जाऊ दे त्याले," सासू म्हणाली.

शेवंताने रोहू बाजूला सारली. झिंगे ताटात घेतले. मूठभर घेतले, मग आणखी मूठभर, मग ताट भरेपर्यंत घेत राहिली. "त्याइले सांगजा," ती म्हणाली, "झिंगे घेतले म्हनून. सारे घेतले म्हनून." आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी चंद्रपूरला गेलो. दशरथभाऊंनी आधी विचारलं नाही ती कशी आहे, रडली का, काय बोलली. एवढंच विचारलं, "काय घेतलं?"

"झिंगे," मी म्हणालो. चांगली बातमी असल्यासारखं सांगितलं मी. "सारेच घेतले. डब्यात एक नाई ठेवला."

म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. पार्बताबाईंनी पदर तोंडात धरला.

मला बाहेर नेऊन त्यांनी सांगितलं. बापलेकीचं ते ठरलेलं होतं. रोहू घेतली म्हणजे घरात बरं आहे. झिंगे घेतले म्हणजे मारझोड सुरू आहे. मी घाटात हात लावून वर नेलं, त्या फेरीलाही तिने झिंगेच घेतले होते. एक बाजार म्हातारा कसाबसा थांबला, दुसऱ्याला थांबवेना.

"पोलीस पाटलाले सांगाचं नं," मी म्हणालो.

"सांगतलं होतं. त्यानं जाऊन पोरीले इचारलं, सासूसमोरच. ती काय बोलन?"

आम्ही वेळ घालवला नाही. मी आणि पार्बताबाई तिथूनच गाडी करून निघालो. ठरवलं होतं, मान-अपमान गेला खड्ड्यात, पोरीला हाताला धरून घेऊन यायचं. मायजवळ पार्बताबाईंनी गाडी थांबवली, उतरून खडा ठेवला. मीही एक ठेवला.

दाराला कुलूप होतं. शेजारीण अंगणात कापूस निवडत बसली होती.

"मिरची तोडाले गेले जी. तिकडं तेलंगणात. आज सकाळी ठेकेदाराची गाडी आली होती."

"सून?"

"सारेच गेले."

"कोनतं गाव?"

"ते काई सांगतलं नाई."

पार्बताबाई त्या बंद दारासमोर बसल्या. नंतर पोलिसांत जाऊन तक्रारीचा कागदही केला. जावयाचा फोन तेव्हापासून बंद आहे. मिरचीचा हंगाम संपला, बाकीचे मजूर परत आले. शेवंताच्या घरचं कोणी आलं नाही.

सायकल माझ्याच दुकानात आहे. लिथियमची बॅटरी नुसती पडून राहिली तर मरते, म्हणून मध्येमध्ये चार्ज करतो. बाजाराच्या दिवशी दशरथभाऊंचा फोन येतो.

"चार्ज आहे नं जी?"

"आहे."

"ठेवजा तशीच. कुलूप उघडलं का तुम्हालेच जा लागन."

नवीन गिऱ्हाईक आलं की विचारतं, भाऊ, किट घाट चढते का? मी खरं तेच सांगतो. चढाचं सगळं काम मोटर करते. उशीर झाला असेल तर त्याला ती काही करू शकत नाही.