पहिल्या बोटाला होकार

जालन्याच्या एमआयडीसीत बिरूकडे पोकर शिकायला आलेले पुष्कळ निघतील. त्या सगळ्यांना त्याने एकच सांगितलं, "पत्ते फेकायला शिकणार असशील तर बस." ऐकणाऱ्याचा चेहरा उतरायचा. जो तो जिंकायला आलेला, त्याला फेकायला शिकवणारा मास्तर कशाला हवा? निम्मे तिथूनच परत जायचे. बिरूला त्याचं वाईट वाटत नसे, उलट गेलेल्यांचं भलं झालं असंच तो म्हणायचा.

आता तो खेळच राहिला नाही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ सरकारने कायदा करून बंद केले, फोनवरचं ते हिरवं टेबल गेलं, आणि बिरूने त्याबद्दल हळहळ केल्याचं कुणी ऐकलं नाही. पण विषय काढा, गडी लगेच खुलतो. खेळाबद्दल थोडं बोलतो आणि तीन माणसांबद्दल पुष्कळ बोलतो. मुळात तो मागं वळून शिव्या देणारा माणूसच नाही. ज्याने त्याला कधी अर्धा कप चहा पाजला त्याचंही नाव त्याच्या लक्षात असतं.

बिरू सळया करणाऱ्या मिलमध्ये भट्टीपाशी कामाला आहे. घर कुंभार पिंपळगावजवळच्या वस्तीवर, नोकरी जालन्यात. म्हणून आठवडाभर खोलीवर राहायचं आणि सुट्टीला घरी जायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं. खोलीतला जोडीदार राजानंद, त्याच मिलच्या वजनकाट्यावर बसणारा. हा राजानंद म्हणजे पहिला माणूस. सकाळची पाळी संपवून दोघं खोलीवर यायचे, स्टोव्हवर खिचडी टाकायचे, आणि ती शिजेपर्यंत राजानंद फोनवर पोकर खेळायचा. कुकरच्या शिट्टीला फोन बंद. हातात कितीही चांगले पत्ते असोत, शिट्टी म्हणजे शिट्टी.

बिरूने शिकव म्हटलं तेव्हा राजानंदने आधी त्याला नुसतं बघायला लावलं. मग एकेक गोष्ट सांगत गेला. "हे बघ भाऊ, सगळ्यात बारकं टेबल धरायचं. चहा-पुडीचा जेवढा खर्चा, तेवढाच तिथं. तो गेला का फोन उलटा ठेवायचा. आलेल्या पत्त्यांतले बहुतेक फेकायचे, म्हंजे पैसे न लावता तो डाव सोडून द्यायचा. लोकाइला फेकायचा कंटाळा येतो, आपल्याला येऊ द्यायचा न्हाई. पैसे लावायला आधी दुसऱ्याला बोलू द्यायचं, शेवटी बोलायची जागा भेटली तर ती सोन्याची. अन् एखादा गडी पत्ते सोडतच नसला तर त्याला खोटं भेव दाखवायला जायचं न्हाई. त्याला भेव वाटतच न्हाई, मंग आपलीच फजिती."

"अन् राग आला तर?"

"तर कुकरपाशी जाऊन बसायचं."

बिरूला हे सगळं बिलकुल पटलं. भट्टीपाशी उभं राहणाऱ्या माणसाला थांबायचं कसं हे शिकवावं लागत नाही. लोखंड लाल होईपर्यंत कुणाच्या बापाला घाई करता येत नाही. दोन महिने तो बारक्या टेबलावर गपगुमान खेळला. कधी थोडं आलं, कधी थोडं गेलं. आलं की बायकोला, आसराबाईला, फोन करून सांगायचा. गेलं त्या दिवशी मात्र नेमकी रेंज नसायची. आसराबाईला वाटायचं, आपला नवरा हरतच नाही.

आणि मग तो दिवस आला. चूक अशी, की ती लहानपणापासून तीन पत्ती खेळलेल्या माणसाच्याच हातून व्हावी. आपल्याकडे दिवाळीत सतरंजीवर बसून तीन पत्ती खेळलेल्या कुणालाही विचारा, कलरपेक्षा सिक्वेन्स मोठा. पोकरमध्ये पत्ते पाच, आणि तिथे उलट. एकाच चिन्हाचे पाच पत्ते, म्हणजे कलर, ओळीने आलेल्या पाचांवर, म्हणजे सिक्वेन्सवर, मात करतात. राजानंदने सगळं सांगितलं होतं, हे सांगायचं राहिलं. हे तर कुणालाही माहीत असतं, असं त्याला वाटलं. आणि बिरू इतके पत्ते फेकायचा, की दोन महिन्यांत सिक्वेन्स आणि कलर समोरासमोर येण्याचा योगच आला नव्हता.

त्या दुपारी आला. राजानंदची पाळी बदललेली, खोलीत बिरू एकटा. हातात देखणी सिक्वेन्स जमली. त्याने टेबलावर होतं नव्हतं ते सगळं सारलं. समोरच्याने कलर दाखवला. बिरू हसला आणि पैसे यायची वाट बघू लागला. पैसे गेले तिकडे. त्याने डोळे चोळून परत बघितलं. मग त्याचं डोकं फिरलं. जन्मभर जिंकत आलेली सिक्वेन्स हरतेच कशी? ॲपवाला चोर आहे, सरळ सरळ आपल्याला लुटलं, असं त्याने मनाशी धरलं. आणि चोराकडून माल परत आणायला म्हणून त्याच चोराच्या मोठ्या टेबलावर जाऊन बसला! माणूस रागात किती शहाणा होतो बघा. राजानंदने सांगितलेलं एकूण एक त्याने त्या दुपारी मोडलं. पत्ते फेकले नाहीत, आधी बोलला, न सोडणाऱ्यांना भेव दाखवलं. उठला तेव्हा पगारातलं घरी द्यायचं होतं ते सगळं गेलं होतं.

राजानंद परत आल्यावर बिरूने ॲपच्या नावाने खडे फोडायला सुरुवात केली. राजानंद आधी हसला. "अरे बाबा, इथं कलर मोठा असतो." मग बिरूचं तोंड बघून त्याचं हसू गेलं. "किती गेले?"

"न्हाई जास्ती," बिरू म्हणाला. ते त्याचं पहिलं खोटं.

दुसरं त्याने सुट्टीला घरी जाता जाता एसटीत रचलं. घरी आसराबाईची एक मेंढी होती. लग्नात माहेरहून जी मेंढी तिच्याबरोबर आली होती, त्या मेंढीच्या वंशातली. नवऱ्याने मिल धरली, कळप गेला, ही एक तिने राखली, कारण मोनिकाचं, त्यांच्या लेकीचं, लग्न ठरलेलं होतं आणि लेकीला सासरी जाताना मेंढी आंदण द्यायची त्यांच्यात रीत. आईची मेंढी लेकीच्या दारात जावी एवढीच त्या बाईची हौस. बिरूने ठरवलं ते असं: मेंढी आजारी दिसते, डॉक्टरला दाखवतो म्हणून न्यायची, कुंभार पिंपळगावच्या बाजारात विकायची, आलेले पैसे पगार म्हणून आसराबाईच्या हातावर ठेवायचे, आणि मेंढी दवाखान्यात मेली म्हणून सांगायचं.

आसराबाईने संशयसुद्धा घेतला नाही. भाकरी बांधून दिली, आणि वर पाण्याची बाटली. "ही तिच्यासाठी हाये. उन्हाची दमली तर पाजा तिला." बिरूने मान खाली घालून बाटली घेतली.

बाजारात तो सरळ कडूबाकडे गेला. कडूबा म्हातारा दलाल, बिरूच्या वडलांना ओळखणारा. हा दुसरा माणूस. जनावरांच्या सौद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून बोलायचं. आजूबाजूच्यांना कळता कामा नये. कडूबाने मेंढीचे दात बघितले, पाठ चाचपली, खांद्यावरचा रुमाल काढला आणि बिरूचा हात आत घेऊन बोटं दाबली. पहिला भाव होता, म्हणजे अर्थातच चेष्टेचा. पहिला भाव कुणी खरा धरत नाही. त्यावर हात झटकायचा, बापाची शपथ घ्यायची, मेंढी घेऊन चालू लागायचं, परत बोलावलं की परत यायचं, मग कुठे खरं बोलणं सुरू होतं.

बिरू म्हणाला, "चालतंय."

कडूबाने रुमाल उचलला. दोघांचे हात उघडे पडले.

"सौदा न्हाई," कडूबा म्हणाला.

"काहून मामा? मी तर हो म्हणून राह्यलो."

"म्हणूनच न्हाई. तुझा बाप एका कोकरासाठी मला दिवस मावळेस्तोवर बसवून ठेवायचा. अन् तू पहिल्याच बोटाला हो म्हणतो? मेंढी चोरीची आसंल, न्हाई तर माणूस ठिकाण्यावर नसंल. मेंढी तर घरचीच हाये, तुझ्या पायाला घासून राह्यली." त्याने रुमाल झटकून खांद्यावर टाकला. "काय झालं ते मला सांगू नको. ज्याला सांगायला पाहिजे त्याला सांग. पुढच्या बाजारी ये, माझ्यासंगं बराबर भांडण कर, मंग घेईन."

त्या भावात मेंढी घेऊन कडूबाने तासाभरात दुप्पट केली असती. शेजारचा एक दलाल तर पुढे सरसावलाही होता. कडूबाने त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि तो मागं सरला. त्या म्हाताऱ्याने आपलं काही देणं नसताना माझी अब्रू राखली, असं बिरू आजही म्हणतो आणि हात जोडतो.

बाजाराच्या कडेला त्याने मेंढीला बाटलीतलं पाणी पाजलं. भाकरी तशीच परत बांधली. मेंढीला घेऊन वस्तीकडे चालत निघाला, आणि चालता चालता आणखी एखादं बरं खोटं सुचतंय का ते बघत होता. सुचलं नाही. बरं झालं.

आसराबाई अंगणात धान्य निवडत होती. तिसरं माणूस म्हणजे हीच. "काय म्हणला डॉक्टर?"

"डॉक्टरकडं गेल्तोच न्हाई," बिरू म्हणाला, आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. मोठं टेबल, गेलेला पगार, एसटीत रचलेलं खोटं, कडूबा. मेंढी मेली म्हणून सांगणार होतो, हेसुद्धा.

आसराबाई चिडली. चांगली कडाडली. वस्तीवरच्या दोन घरांना ऐकू गेलं असेल. पगारासाठी बोलली, आंदणासाठी बोलली, त्या बाटलीसाठी तर फारच बोलली. मोनिका घरातून बाहेर आली आणि आईचा अवतार बघून परत आत गेली. मग आसराबाईने मेंढी खुंटीला बांधली, पदराने तोंड पुसलं आणि ओट्यावर येऊन बसली.

"काढा फोन."

"टाकतो खोडून ते ॲप. आत्ताच टाकतो."

"खोडू नका. खेळा. माझ्यासमोर."

"अगं, पण..."

"त्या बारक्या टेबलावर खेळा. मी तुम्हाला निस्तं जिंकताना ऐकलं. हरताना तुम्ही कसे दिसता ते बघू द्या मला."

बिरूने फोन काढला. आसराबाई शेजारी बसून फोनकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने पत्ते फेकले, परत फेकले. एकदा बऱ्यापैकी जोडी आली, तो डावात राहिला, समोरच्याकडे त्याहून मोठी निघाली. चहा-पुडीचे पैसे गेले. त्याने फोन उलटा ठेवला.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"हरले?"

"हरलो."

ती अजून बघतच होती. आता आणखी काही होईल, आभाळ कोसळेल, म्हणून वाट बघितल्यासारखी. काही झालं नाही. अंगणात कोंबड्या निवडलेल्या धान्याकडे सरकत होत्या, तिने एकीला हाकललं.

"हरल्यावर बी तुम्ही रोजच्यासारखेच दिसता," ती म्हणाली. "मंग एवढं सांगायचं टाळायला माझ्या मेंढीला मारून टाकणार होता?"

बिरूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "लाज वाटली मला, आसरे."

"तर तसं सांगायचं. आज हरलो, लाज वाटून राह्यली, एवढंच. पैशाचं मी बघितलं असतं. मला ठकवलं ते कसं बघू?"

पुढचा महिना ओढाताणीत गेला. बिरूने जादा पाळ्या केल्या, आसराबाई कापूस वेचायला गेली आणि जाता-येता त्याला टोमणे मारत राहिली. ते टोमणे त्याने आनंदाने खाल्ले. राजानंदला सगळं सांगितलं तेव्हा राजानंदने कपाळावर हात मारून घेतला, आणि त्यानंतर कुणालाही शिकवताना तो आधी कलर-सिक्वेन्सचं सांगू लागला.

खेळ बंद होईपर्यंत बिरू बारक्या टेबलावरच खेळला. शिकायला येणाऱ्यांना तो राजानंदचं सगळं सांगायचा, वर कडूबाचंही सांगायचा, की घाईत हो म्हणायची इच्छा झाली की समजावं आपण ठिकाणावर नाही. आणि शेवटी विचारायचा, "घरी हरलेलं सांगता येतं का?" बहुतेकजण खाली बघायचे. त्यांना तो पत्त्यांना हात लावू देत नसे. आधी घरी फोन लाव, आजवर काय हरलास ते सांग, म्हणायचा, आणि तो लागेपर्यंत स्वतः शेजारी बसून राहायचा.