गाळलेला रकाना

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तिला वाटतं, नीलाताई कंटाळून स्वतःहूनच परत गेल्या.

मी अबुधाबीत एका कन्सल्टन्सीत स्टॅटिस्टिशियन आहे. जहाजांच्या तळाला चिकटून परके सागरी जीव इथल्या बंदरांत येतात. दरवर्षी किती नवे सापडले, त्या नोंदींवरून दरवर्षी किती येत असावेत याचा अंदाज मी बांधतो. पण सापडणं आणि येणं एक नव्हे — नाही का? आज सापडलेला जीव कित्येक वर्षांपूर्वीच आलेला असू शकतो. आणि शोधलंच कमी, तर सापडणारही कमी. म्हणून हिशेबात एक रकाना लागतोच : त्या वर्षी माणूस किती दिवस पाण्यात उतरला.

ते दिवस नीलाताईंचे. मूळच्या मालवणच्या, पन्नाशी उलटलेल्या. धक्क्याच्या खांबांवरचे जीव खरवडून आणायच्या, एकेक ओळखायच्या. शेवटची दोन वर्षं बजेट कापलं गेलं, त्यांचे दिवस निम्म्यावर आले. नोंदीही घटल्या.

क्लायंटला घटच हवी होती — जहाजांचे तळ साफ ठेवण्याचे नवे नियम लागू पडताहेत हे दाखवायला. मॅनेजर म्हणाला, "सिंपल रखो हबीबी, एक ग्राफ, खलास." रकाना काढ असं तो म्हणाला नव्हता. तो मी काढला. दोन्ही प्रकारे करून पाहिलं होतं — रकाना धरला की रेघ जवळजवळ सपाट, गाळला की छान उतरती. मला ठाऊक होतं.

पण सांगायचंय ते हेही नव्हे.

ग्राफ पाहून नीलाताई माझ्या टेबलापाशी आल्या. "मंदार, माझे डाइव्हचे दिवस धरलेस ना रे?"

"हो ताई, धरलेत."

"मग खरंच कमी झालेत म्हणायचे. बरं झालं. मला वाटत होतं, आपण बघतच नाही आहोत."

येणंच थांबत आलंय, तर शोधायला माणूस कशाला? सर्व्हे बंद झाला. दोन महिन्यांत ताईंचा व्हिसा रद्द झाला, त्या मालवणला गेल्या. मी त्यांना विमानतळावर सोडलं. वाटेत सांगता आलं असतं. ट्रॅफिकबद्दल बोललो.

गेल्या वर्षी त्याच धक्क्याखाली दुसऱ्या टीमला एका परक्या शिंपल्याचा जाड थर सापडला. एका वर्षात साचणारा नव्हे. कुणीतरी ताईंना कळवलं असावं. त्यांचा मला मेसेज आला : "सर्व्हेसाठी मी भांडायला हवं होतं रे. तुझं गणित बरोबरच होतं, माझ्याच नजरेतून सुटलं असणार. सॉरी."

 मी लिहिलं — "असू द्या ताई. होतं असं कधीकधी."

म्हणजे, मी त्यांना माफ केलं.