फुगलेली टाकी

गोबर गॅसच्या खड्ड्यात मी बिअरच्या कारखान्यातला चोथा पाट्या भरभरून ओतला आणि चांगला चालता खड्डा बंद पाडला.

झालं असं, की आमची म्हातारी म्हैस मेली आणि शेण कमी पडू लागलं. बायकोला दमा. चुलीचा धूर तिला सोसायचा नाही. गोबर गॅस आला तेव्हापासून कुठं ती रात्री आडवी होऊन झोपू लागली होती. शेगडी मंदावली तशी म्हणाली, "सिलिंडर जोडा." कुठलं सिलिंडर? ते मी मोठेपणानं धाकट्या भावाला देऊन बसलो होतो, तेही चार लोकांत, "आपल्याला काय गरज!" म्हणत. आता परत मागायला तोंड कुठं होतं?

आखाडा बाळापूरच्या बाजारात हा चोथा म्हशींसाठी येतो. बिअर काढून घेतल्यावर उरलेला सातू. ओला, गोडसर वासाचा. त्यापासून गॅस होतो, हे मी मोबाईलवर पाहिलं. थोडा शेणात कालवून टाकला. गॅस साठवणारी लोखंडी टाकी खड्ड्यातून अशी फुगल्यासारखी वर आली, की मी शेजारच्या चाचांना बोलावून चहा पाजला.

चाचा हसले. "काय भाऊ, खड्ड्याला दारू पाजून राहिला का?"

मला चेव आला. आमच्याकडे जावई जेवायला बसला की पुरे पुरे म्हणेस्तोवर वाढतात. मी खड्ड्याला तसा आग्रह केला. जावई निदान ताटावर हात आडवा धरतो. टाकी आणखी फुगली, पण काडी लावली की फुस्स. गॅस यायचा, पेट घ्यायचा नाही. खड्ड्याला आंबट वास सुटला. पोट बिघडलं होतं त्याचं.

"भाऊजींकडचं सिलिंडर आणा न," बायको म्हणाली.

"थांब जरा. होते बराबर."

स्वयंपाक काय थांबतो? तिनं चूल पेटवली. मी बाहेर टाकीभोवती फिरत होतो आणि आत ती खोकत होती. भावाचं घर गल्लीच्या टोकाला. मी गेलो नाही.

एका सकाळी तिला श्वासच घेता येईना. हिंगोलीला जाताना जीपमध्ये तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. चारचौघांत असं तिनं कधी केलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं कमजोर झालीत, आता धूर कायमचा बंद. लेक हिंगोलीतच दिलेली. ती आईला घेऊन गेली.

मी चोथा बंद केला. चाचांच्या गोठ्यातून शेण आणून रोज थोडं थोडं घालत राहिलो. खड्ड्याची तब्येत हळूहळू ताळ्यावर आली. निळी ज्योत, धुराचं नाव नाही. तिचा पाट भिंतीला तसाच टेकलेला. एकट्यापुरता चहा ठेवला, व्हिडिओ कॉल लावला आणि फोन शेगडीसमोर धरला.

"बघ, पेटला. ये आता."

तिनं फोन तोंडाजवळ घेतला. बोलताना तिला अजून धाप लागते.

"अवो, खड्डा बिघडला तं तुमी रोज शेण घेऊन त्याच्यापाशी बसले. मी खोकत होते तवा तुमी काहून न्हाई उठले? ऱ्हावा आता त्याच्यापाशीच."