खुनी कोण होता?

आई गेल्यावर नानांनी घराबाहेर पडणं सोडलं. नाना म्हणजे माझे वडील. जन्म असोद्याच्या केळीच्या मळ्यात गेला, आता जळगावला माझ्याकडे असतात. जेवण पुढ्यात ठेवलं तर जेवायचे, नाहीतर खिडकीशी बसून राहायचे. भेटायला एकच माणूस यायचा, त्यांचा बालमित्र. शिंपीकाम करून थकलेल्या त्या माणसाला आम्ही चाचा म्हणतो.

दोघांचा एक जुना वाद होता. बोलपट नवे असताना एक खुनाचा सिनेमा निघाला होता, तेच नट घेऊन मराठीतही आणि हिंदीतही. पुढं कितीतरी वर्षं तो गावोगावच्या तंबू-टॉकीजमधून फिरत राहिला. नानांनी लहानपणी गावच्या तंबूत मराठी पाहिला, चाचांनी धुळ्याला मामाकडं हिंदी. नाना म्हणायचे खून डॉक्टरनं केला, चाचा म्हणायचे मुनीमानं.

एका रविवारी माझ्या मुलीला मोबाइलवर तोच हिंदी सिनेमा सापडला. आम्ही टीव्हीवर लावला. चित्र खरखरीत, आवाज घोगरा, पण दोघं खुर्च्या पुढं ओढून बसले. शेवटी बेड्या पडल्या त्या मुनीमाला.

नानांनी खुर्ची मागं सरकवली. चाचा हळूच म्हणाले, "जाऊ दे रे, लहान होतास तू." मला वाटलं, उगाच दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना टोपी घालून दारात उभे. "चल, धुळ्याला जाऊ. आपल्या गावच्या तंबूवाल्याचा पोरगा तिथं राहतो म्हणतात. त्याला विचारू."

चाचांनाही घेतलं आणि एसटीनं निघालो. विचारत विचारत घर सापडलं. तो 'पोरगा' सत्तरी ओलांडलेला. सगळं ऐकून तो मोठ्यानं हसला.

"आबा, त्या मराठी सिनेमाचं शेवटचं रीळ आमच्याकडं नव्हतंच! माझे वडील पडद्यापुढं उभे राहून शेवट सांगायचे. असोद्यात डॉक्टर, तर फैजपूरला मुनीम. लोक दुसऱ्या गावी जाऊन पुन्हा तिकीट काढायचे."

"म्हणजे मी खरंच डॉक्टर ऐकला होता!" नाना ओरडले. चाचांनी त्यांच्या पाठीत धपाटा घातला. नाना इतके हसले की डोळे पुसावे लागले. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

परतताना त्यांनीच स्टँडवर भजी मागवली. आता संध्याकाळ झाली की नाना स्वतः रिक्षा थांबवतात आणि चाचांकडे जातात. परवा विचारत होते, दुसरा कुठला जुना सिनेमा सापडतो का.