मामांचा खांदा

राउंडअबाउट आला की मामा डावीकडे कलायचे. गाडी मी चालवायचो, ते शेजारी बसायचे, आणि कतारमध्ये स्टिअरिंग डाव्या बाजूला असतं, राउंडअबाउटला गाडीही डावीकडेच वळते. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला येऊन टेकायचा. मी दाराकडे सरकून जागा द्यायचो.

"वळणाला अंग द्यावं लागतंय, साहेब," ते म्हणायचे.

मामा सांगलीकडचे; माझ्या नात्यातले नव्हेत, साइटवर सगळेच त्यांना मामा म्हणायचे. वर्ल्डकपच्या स्टेडियमवर क्रेनला हाताने खुणा करायचं त्यांचं काम. त्यांची खूण झाल्याशिवाय छताची एक तुळई हलायची नाही. शुक्रवारी मात्र ते साइटवरच्या एका गोऱ्या साहेबाचे जोडीदार. या साहेबाला साइडकारची मोटरसायकल वाळूतल्या शर्यतीत पळवायचा नाद. तुम्हाला वाटेल, साइडकारमध्ये ऐटीत बसायचं. छे, तिथे बसायला काही नसतंच. नुसती एक फळी आणि धरायला दांडा. जोडीदाराने वळणावर बाहेर लोंबकळून तोल सांभाळायचा. मेसईदच्या पुढे वाळवंटात मी मामांना सोडायला जायचो आणि चक्रावून बघत बसायचो.

पहिल्या शर्यतीत पहिल्याच वळणावर दोघे वाळूत. का, तर मामा खुणेची वाट बघत होते.

"अहो, साहेबाचे दोन्ही हात हँडलला. तो खूण करणार कशानं?"

"तेच की," कानातली वाळू काढत मामा म्हणाले. "पण खुणेबिगर हलायची सवयच न्हाई."

ही सवय काही केल्या जाईना. प्रत्येक शर्यतीत कुठेतरी उलटायचेच. तेवढ्यात साहेबाची बदली ठरली. मोटरसायकलही त्याच्याबरोबर जाणार होती, आणि मामांना एकदा तरी न पडता शेवटपर्यंत जायचं होतं. म्हणून माझ्या गाडीत तो सराव.

शेवटच्या शुक्रवारी माझाच जीव टांगणीला. अखेरच्या वळणावर साहेबाने खुणावायला मान मागे वळवली, तोवर मामा बाहेर झुकलेसुद्धा होते, डोकं वाळूला लागेल इतके. शेवटून दुसरे आले, पण न पडता.

"आज कुणी सांगितलं न्हाई," गाडीत बसताना मामा म्हणाले. "माझा मीच गेलो."

मला फार आनंद झाला. परतताना त्यांना गाढ झोप लागली. वाटेत वकरा शहराचा राउंडअबाउट आला आणि झोपेतच त्यांचा खांदा येऊन टेकला.

स्टेडियम पुरं झालं, व्हिसा संपला. सामने सुरू व्हायच्या आधीच मामा गावी गेले.

परवा गाडीत बायको शेजारी बसली होती. म्हणाली, "अहो, वळताना असे दाराला काय चिकटता?"

मी जागा करून देत होतो.