माय साहेबांना ‘बरं शे’ म्हणाली

“या लोकांना सोसायची सवय असते. हिला मॉर्फिनची सुई नको, गोळी पुरे.” डॉक्टर सिस्टरला सांगत होते. माझ्या मायच्या खाटेशी उभं राहून, तिच्या देखत.

धुळ्याचा दवाखाना. बहात्तर-त्र्याहत्तरचं साल असेल. मायला गर्भाशयाचा कॅन्सर, हाडांत उतरलेला. दिवसभर ती पदराचा बोळा तोंडात कोंबून पडायची, कण्हणं बाहेर येऊ नये म्हणून. आणि राऊंडला साहेब आले की हीच बाई पदर सावरून उठून बसायची.

“दुखतंय का?”

“नही. बरं शे, साहेब.” वर हात जोडायची.

तिचा सगळा जन्म पाटलाच्या खळ्यात राबण्यात गेलेला. मोठ्या माणसाने विचारलं की ‘बरं आहे’ असंच सांगायचं, ही आमच्या वस्तीची रीत. आम्ही बौद्ध झालो, घरातले देव नदीत सोडले, ही रीत मात्र अंगातून गेली नाही. आणि मी मॅट्रिक झालेली शहाणी! शिरपूरहून एसटीने येताना मीच तिला बजावलं होतं, “माय, तिथे ओरडू नको. हाकलून देतील.” हे पाप माझं. त्याची लाज मला अजून वाटते.

पलीकडच्या खोलीत एका शेठजींची आई होती. आजार तोच. ती नुसती ‘हाय’ म्हणाली की सिस्टर सुई घेऊन धावायची. म्हणजे औषध होतं.

साहेब ‘गोळी पुरे’ म्हणाले, त्या दिवशी मी मध्ये पडले.

“साहेब, ती खोटं बोलतेय. तिला फार दुखतं.”

“सुईची सवय लागेल.”

“किती दिवस जगेल ती?”

“आठ-दहा.”

“मग सवय लागून काय बिघडणार?”

साहेब लाल झाले. “चार बुकं शिकलीस म्हणून मला शिकवतेस?”

सुई मिळाली नाही. वर माय माझ्यावरच चिडली, “साहेबले उलटी बोलनी तू?”

सहाव्या दिवशी गेली. बोळा दातांतून काढायला मला जोर लावावा लागला.

तेव्हापासून वस्तीतलं कुणीही अशा दुखण्याने दवाखान्यात निघालं की मी सोबत जाते. सुई मिळते असं नाही. बहुतेक जण तसेच तडफडून मरतात. पण मी खाटेजवळून हलत नाही. डॉक्टरांपुढे कागद धरते. म्हणते, “याला दुखतंय आणि मी औषध देत नाही, एवढं लिहा. खाली सही करा.”

अजून एकानेही सही केलेली नाही. मी कागद धरायची थांबणार नाही.