बाबांना आई फक्त फोनवर भेटते

मागच्या महिन्यात आलापल्लीला घरी गेले होते. सकाळी आईने बाबांपुढे पोह्यांची ताटली ठेवली, तर त्यांनी ती हळूच परत सरकवली. "बाई, तुमी कोन हा मले माहीत नाई. माही बायको आली म्हंजे खातो."

ती बाई म्हणजे माझी आईच...

बाबा वनखात्याच्या लाकूड डेपोत होते. काही वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. हाताची थरथर, अडखळणारे पाय याची आम्हाला सवय झाली होती. पण अलीकडे त्यांना पक्कं वाटायला लागलंय की घरातली ही बाई आईसारखी दिसते, पण आई नाही... कुणीतरी तिच्या जागी आणून ठेवलीय. आईने लग्नाचा फोटोसुद्धा दाखवला. दिसते सारखीच, म्हणाले.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा आजाराचाच भाग आहे, वाद घालू नका. गोळ्याही बदलून दिल्या. पण माणूस जेवतच नसेल तर करायचं काय?

आई डोळे पुसत शेजारच्या शबानाभाभींकडे गेली. थोड्या वेळाने तिथून तिचा मला फोन आला, बाबांची गोळी राहिली म्हणून. मी बाबांपाशी बसून मेथी निवडत होते, म्हणून स्पीकर लावला... आणि बाबा एकदम सावरून बसले.

"शोभा? कुठी हायेस तू? इथी दुसरीच बाई येऊन राह्यली. चांगली हाये बिचारी, पन तू ये."

मग आई म्हणाली, "मीच ठेवलं तिले तुमच्यापाशी. तिच्या हातचं खात जा. मले बरं वाटंल."

आई परत आली तेव्हा बाबांनी स्वतः ताटली ओढून घेतली. सगळे पोहे संपवले. आणि म्हणाले, "लय करता तुमी माह्यासाठी." एवढ्या संसारात आईला हे पहिल्यांदाच ऐकायला मिळालं असेल!

डॉक्टरांना कळवलं. काहींच्या बाबतीत चेहरा परका वाटतो, पण फोनवरचा आवाज ओळखू येतो, असं ते म्हणाले. आता आई जेवणाआधी भाभींकडून बाबांना फोन करते. भाभी चहा टाकूनच ठेवतात, आईचं मन मोकळं झाल्याशिवाय सोडत नाहीत. एखाद्या दिवशी फोनचाही उपयोग होत नाही... पण बहुतेक दिवशी बाबा जेवतात.

निघताना आईला विचारलं, तुला वाईट नाही वाटत?

"वाटते ना. पन मलेच तं शोधून राह्यले ते."

आजार बरंच काही घेऊन चाललाय. बाबांना आईचा आवाज ओळखू येतो, एवढं अजून आमच्याकडे आहे... आणि भिंतीपलीकडे भाभी आहेत. खूप आहे हे.